ग्रंथाआधीचे ग्रंथ

प्राचीन ग्रीक किंवा लॅटिन ग्रंथ वाचण्यासाठी मुख्यतः तो ग्रंथ लागतो, अशी समजूत ज्यांनी तो अद्याप वाचायला घेतलेला नाही अशा लोकांत आढळते. प्रत्यक्षात होमर, सोफोक्लीझ किंवा व्हर्जिल यांपैकी कोणाच्याही पहिल्या ओळीपाशी पोहोचण्यापूर्वी वाचकाच्या मेजावर निदान पाच गोष्टी जमाव्या लागतात: शब्दांचे अर्थ देणारा कोश, शब्दांची रूपे लावून देणारे व्याकरण, ओळीओळीचा समाचार घेणारी टीका, त्या ओळींत आलेल्या देवता, नद्या, राजे आणि त्यांचे अवघड नातेसंबंध सांगणारा संदर्भकोश, आणि या चौघांनी वापरलेल्या संक्षिप्त चिन्हांची यादी, जी बहुधा चौघांच्याही आरंभीच्या पानांत निरनिराळी दिलेली असते. एवढी जमवाजमव झाल्यावर मूळ ग्रंथ ठेवायला मेजावर जागा उरत नाही, आणि अभ्यासकांपैकी पुष्कळांना ही उणीव जाणवतही नाही.

या साहाय्यक वाङ्मयाचा उगम शोधू गेल्यास तो इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, म्हणजे ज्यांच्यासाठी पुढे त्याची गरज पडायची त्या बहुतेक रोमन लेखकांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, अलेक्झांड्रियाच्या राजग्रंथालयात सापडतो. तेथील पपायरसच्या गुंडाळ्यांत कोणता लेखक कोणता हे कळावे म्हणून कॅलिमाकस या कवीने 'पिनाकेस', म्हणजे 'फलक', या नावाची सूची रचली. तीत लेखकांची प्रकारवार विभागणी, त्यांची अल्पचरित्रे आणि ग्रंथांच्या आरंभीच्या ओळी दिलेल्या असत, आणि ही सूची १२० पुस्तकांची होती. मोठा ग्रंथ म्हणजे मोठे अरिष्ट, असे मत याच कॅलिमाकसच्या नावावर सांगितले जाते. ते त्याने सूची लिहिण्यापूर्वी व्यक्त केले की नंतर, याची नोंद कोणी केलेली नाही. नंतर केले असावे असे मानण्यास भरपूर जागा आहे. कालांतराने ते ग्रंथालय गेले, त्यातील बहुतेक ग्रंथ गेले, आणि कोणते ग्रंथ गेले हे जिच्यावरून कळले असते ती सूचीही गेली. तिचे काही तुकडे इतरांच्या अवतरणांतून उरले आहेत, आणि ते गोळा करून त्यांवर टीका लिहिण्याचे काम अर्थातच झालेले आहे.

कॅलिमाकसने निदान इतरांचे ग्रंथ मोजले, इ.स.पूर्व पहिल्या शतकातील डिडिमस या टीकाकाराच्या बाबतीत त्याचेच ग्रंथ मोजण्याची वेळ आली. अथेनियस या ग्रीक लेखकाच्या मते त्याने ३५०० ग्रंथ लिहिले, सेनेका या रोमन तत्त्वज्ञाच्या मते ४०००. या पराक्रमामुळे त्याला 'काशाच्या आतड्यांचा' असे उपनाम मिळाले, आणि दुसरे एक उपनाम 'ग्रंथविसऱ्या' असे पडले, कारण आधीच्या ग्रंथात आपण काय म्हटले आहे हे त्याला पुढच्या ग्रंथात आठवत नसे. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने नोंदवले आहे की एका कथेला डिडिमसने भाकडकथा म्हणून झिडकारले, तेव्हा ती कथा ज्यात होती असा त्याचाच ग्रंथ त्याच्यापुढे ठेवण्यात आला. सेनेकाला मात्र त्याच्या विसराळूपणापेक्षा त्याच्या विषयांचा अधिक राग होता: होमरचे जन्मगाव कोणते, ईनियसची खरी आई कोण, ॲनॅक्रिऑन हा कवी विलासात अधिक बुडालेला होता की मद्यात. या प्रश्नांवर आयुष्य वेचणे सेनेकाला हास्यास्पद वाटले, परंतु त्याने ज्या प्रश्नांवर आयुष्य वेचले त्यांच्यावरही आज असेच टीकाग्रंथ आहेत, आणि त्यांत तळटिपांची संख्या कमी नाही.

प्राचीनांपैकी वाचकाचा खरा कैवारी कोण असेल तर तो थोरला प्लिनी होय. त्याच्या 'निसर्गेतिहास' या ग्रंथाची ३७ पुस्तके आहेत, आणि त्यांपैकी पहिले संपूर्ण पुस्तक म्हणजे उरलेल्या ३६ पुस्तकांची अनुक्रमणिका आणि आधारभूत लेखकांची यादी आहे. हा ग्रंथ त्याने सम्राटपुत्र टायटस याला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेतच बजावले की ही यादी अशासाठी दिली आहे की राजपुत्राला सगळा ग्रंथ वाचावा लागू नये. ग्रंथ न वाचण्याची सोय ग्रंथकर्त्यानेच इतक्या मोकळेपणाने करून द्यावी, हे सौजन्य त्यानंतरच्या कोणत्याही संदर्भग्रंथाच्या संपादकाला जमलेले नाही. ते सर्व प्रस्तावनेत वाचकाने ग्रंथ साद्यंत वाचावा अशी अपेक्षा व्यक्त करतात आणि मग तो वर्णानुक्रमे लावतात.

कोशकार नावाच्या मनुष्यप्राण्याचे पहिले विश्वसनीय चित्र मात्र अथेनियसच्या हातचे आहे. इ.स. २००च्या सुमाराच्या 'डेप्नोसोफिस्ट' या त्याच्या पंधरा पुस्तकांच्या ग्रंथात काही विद्वान एका श्रीमंत रोमन यजमानाकडे जेवायला जमतात आणि जेवणापेक्षा अवतरणेच अधिक वाढून घेतात. त्यांत टायर गावचा उल्पियन नावाचा एक पंडित आहे, जो पुढ्यात आलेल्या पदार्थाचे नाव कोणत्या तरी जुन्या ग्रंथात सापडते की नाही हे ठरल्याखेरीज घास उचलत नाही. रस्त्यात, बागेत, पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात, स्नानगृहात, सर्वत्र त्याची हीच पृच्छा चालू असल्यामुळे त्याला 'केइतूकेइतोस', म्हणजे साधारणतः 'आधार-आहे-की-नाही', हे नाव पडलेले आहे. इतर पाहुणे त्याची थट्टा करतात, पण आधारही शोधून देतात, आणि त्यामुळे आज ज्यांचे मूळ ग्रंथ नाहीत अशा कितीतरी विनोदी नाटककारांच्या ओळी माशांच्या आणि मटणाच्या निमित्ताने वाचल्या आहेत. ग्रीक विनोदी नाटकांचे उरलेले अवशेष एखाद्या खानावळीच्या दरपत्रकासारखे का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी उल्पियनच्या या खोडीत आहे.

नवव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटियस याने हीच सेवा अधिक शिस्तीने केली. आपल्या गैरहजेरीत कोणकोणते ग्रंथ वाचले गेले ते कळवावे, अशी त्याच्या भावाने विनंती केली म्हणून त्याने सुमारे २८० ग्रंथांचे सारांश आणि परीक्षणे लिहून पाठवली. या ग्रंथांपैकी जवळजवळ निम्मे आज उपलब्ध नाहीत. त्यांच्याविषयी जे काही माहीत आहे ते फोटियसने भावासाठी लिहिले तेवढेच. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक निदान मूळ पुस्तक का वाचले नाही असे विचारू शकतात, पण फोटियसवर भिस्त ठेवणाऱ्या प्राध्यापकाला हा प्रश्न कोणीच विचारू शकत नाही.

त्यापुढच्या शतकात तयार झालेला 'सुडा' हा तीसएक हजार नोंदींचा कोश याहूनही विलक्षण आहे, कारण त्याला ग्रंथकर्ता नसताना तो मिळाला आणि पुढे काढूनही घेण्यात आला. शतकानुशतके युरोपातील विद्वान 'सुइडास' नावाच्या एका लेखकाचा हवाला देत आले. तो किती बहुश्रुत होता, किती निष्काळजी होता, त्याने कोणते ग्रंथ पाहिले आणि कोणते न पाहताच उद्धृत केले, यावर त्यांनी कधी आदराने तर कधी चिडून मते मांडली. विसाव्या शतकात असे ठरले की सुडा हे ग्रंथाचेच नाव असून सुइडास नावाचा मनुष्य मुळी झालाच नाही. यामुळे त्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी कोणावर टाकावी असा प्रश्न निर्माण झाला, तो बाजूस ठेवून आदा आडलर या डॅनिश विदुषीने १९२८ ते १९३८ या काळात पाच खंडांत त्याची संशोधित आवृत्ती काढली. या कोशातील नोंदींचा क्रमही वर्णमालेचा आहे, परंतु तो मध्ययुगीन ग्रीक उच्चाराच्या वर्णमालेचा आहे, म्हणजे सारखी ऐकू येणारी अक्षरे त्यात शेजारी शेजारी बसवलेली आहेत. परिणामी प्राचीन ग्रीक शब्दाचा अर्थ या कोशात पाहायचा असेल तर तो शब्द दहाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलमध्ये कसा उच्चारत असत हे प्रथम दुसऱ्या ग्रंथात पाहावे लागते.

मुद्रणकलेने या परंपरेला जो हिशेबीपणा आणला त्याचे श्रेय, आणि दोषही, जिनिव्हाचे मुद्रक आंरी एत्येन यांच्याकडे जातो. लॅटिनमध्ये त्यांना स्टेफानस म्हणत. त्यांनी १५७८ मध्ये प्लेटोचे समग्र ग्रंथ तीन खंडांत छापले आणि प्रत्येक पानाचे 'ए' ते 'ई' असे विभाग पाडले. तेव्हापासून आजतागायत जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही आकारात प्लेटो छापला तरी त्याच्या समासात स्टेफानसच्या पानांचे आकडे छापावे लागतात. म्हणून प्लेटोचे 'रिपब्लिक' पहिल्या पानावर सुरू न होता पृष्ठ ३२७ वर सुरू होते, आणि नवशिक्या वाचकाला आपल्या प्रतीची सव्वातीनशे पाने कोणी फाडली अशी शंका येते. शिवाय तिन्ही खंडांची पाने स्वतंत्रपणे मोजलेली असल्यामुळे पृष्ठ १७ वर सॉक्रेटिस न्यायालयात आपला बचावही सुरू करतो आणि त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या पृष्ठावर 'टिमेअस' या संवादात पाहुणे मोजीत विश्वोत्पत्तीच्या चर्चेलाही बसतो. ॲरिस्टॉटलची हीच व्यवस्था बर्लिनच्या अकादमीसाठी इमानुएल बेकर यांनी १८३१ मध्ये लावली, आणि तीत 'काव्यशास्त्र' १४४७ व्या पृष्ठावर सुरू होऊन १४६२ व्या पृष्ठावर संपते. विंदा करंदीकर यांनी ज्याचे मराठी भाषांतर केले तो हा एवढासा ग्रंथ, ज्यावर गेल्या पाच शतकांत झालेल्या भाष्यांनी कपाटे भरतात, तो मुळात बेकर यांच्या सोळा पानांचा आहे.

एत्येन यांची अधिक शोचनीय कहाणी त्यांच्या ग्रीक भाषेच्या महाकोशाची आहे. हा कोश १५७२ मध्ये पाच खंडांत निघाला, तो अतिशय विद्वत्तापूर्ण होता आणि त्याच प्रमाणात महाग होता. त्यांच्याच छापखान्यात काम केलेले योहानेस स्कापुला यांनी त्याचा एक संक्षेप तयार करून काही वर्षांत स्वस्तात बाजारात आणला, आणि युरोपातील विद्यार्थ्यांनी विद्वत्तेचा योग्य तो मान राखून संक्षेप विकत घेतला. एत्येन यांचे कंबरडे मोडले. स्कापुला यांच्या संक्षेपाच्या आवृत्त्या मात्र पुढे पिढ्यानपिढ्या निघत राहिल्या, आणि साहाय्यक वाङ्मयात यश कोणाला मिळते याविषयी प्रकाशकांच्या मनात तेव्हापासून संदेह राहिलेला नाही.

इंग्रजी जाणणाऱ्या वाचकासाठी या सर्व प्रवासाचे मुख्य स्थानक म्हणजे हेन्री जॉर्ज लिडेल आणि रॉबर्ट स्कॉट या ऑक्सफर्डच्या दोन विद्वानांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रीक-इंग्रजी कोश होय. तो फ्रान्झ पासो यांच्या जर्मन कोशावर आधारलेला होता, आणि पासो यांचा कोश त्यापूर्वीच्या श्नायडर यांच्या कोशावर. पासो यांचे नाव पहिल्या काही आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर होते, मग ते तेथून निघाले. हेन्री स्टुअर्ट जोन्स आणि रॉडरिक मकेन्झी यांनी केलेली त्याची नववी आवृत्ती १९२५ ते १९४० या काळात भागाभागाने निघाली. १९३७ मध्ये मकेन्झी वारले, १९३९ मध्ये जोन्स, आणि दोघांनाही तिचा शेवटचा भाग पाहायला मिळाला नाही. लिडेल यांच्या नावाला जी खरी अमरता मिळाली ती मात्र या कोशामुळे नव्हे, तर त्यांच्या ॲलिस या मुलीला त्यांच्याच महाविद्यालयातील गणिताच्या एका अध्यापकाने सांगितलेल्या, सशाच्या बिळात पडण्याच्या गोष्टीमुळे. पन्नासएक वर्षे ग्रीक शब्दांचे अर्थ निश्चित करीत बसलेल्या गृहस्थाची घरातून जगप्रसिद्ध व्हावी ती मुलगी, आणि तीही जिथे शब्दांना ठाम अर्थच नाहीत अशा पुस्तकातून, ही गोष्ट कोशकारांनी विशेष मनाला लावून घेतलेली दिसत नाही. सहकारी स्कॉट यांनी तर त्याच अध्यापकाच्या एका निरर्थक कवितेचे जर्मन भाषांतरही करून टाकले.

या कोशाचे तीन आकार आहेत: थोरला, मधला आणि धाकटा. वाचक बहुधा धाकट्यापासून सुरुवात करतो, त्यात शब्द नाही म्हणून मधला घेतो, मधल्यात शब्द आहे पण अर्थ जुळत नाही म्हणून थोरल्याकडे जातो, आणि थोरल्यात त्या एका शब्दाचे इतके अर्थ, उपअर्थ आणि अपवाद सापडतात की त्याला मूळ वाक्य कोणते होते ते पाहण्यासाठी पुन्हा ग्रंथ उघडावा लागतो. याहून मोठी अडचण अशी की कोशात क्रियापदे वर्तमानकाळाच्या उत्तमपुरुषी एकवचनी रूपाने दिलेली असतात, आणि ग्रंथांत ती त्या रूपात क्वचितच भेटतात. 'होराओ' म्हणजे 'मी पाहतो', पण 'मी पाहीन' याला 'ऑप्सोमाई' आणि 'मी पाहिले' याला 'एइदोन' म्हणतात, आणि या तिघांत रूपाचे कसलेही साम्य नाही. परक्या विद्यार्थ्याला 'गेला' हे रूप 'जाणे' या शब्दाखाली शोधायचे असते हे मराठी कोश उघडण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते, तशातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की ग्रीकमध्ये अशा क्रियापदांची संख्या मोठी असून ती सर्व अतिशय नित्याची आहेत. कोशकारांना अधूनमधून दया येते आणि ते अशा रूपापुढे 'अमुक पाहा' असे लिहितात. तेथे पाहिले असता कधीकधी 'तमुक पाहा' असे लिहिलेले आढळते.

लॅटिनचा वाचक याच वाटेने लूइस आणि शॉर्ट यांच्या १८७९ च्या कोशाकडे येतो. याही कोशाचे मूळ एका जर्मन कोशाच्या इंग्रजी भाषांतरात आहे. त्याचे दोन कर्ते समसमान भागीदार असावेत असे मुखपृष्ठावरून वाटते, परंतु चार्ल्स शॉर्ट या प्राध्यापकांनी त्यातील फक्त 'ए' हे अक्षर पूर्ण केले आणि उरलेली वर्णमाला बव्हंशी चार्ल्टन लूइस या न्यूयॉर्कच्या वकिलाने आपली वकिली सांभाळून संपवली. शॉर्ट यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की 'ए' हे अक्षर दोनशेहून अधिक पानांचे आहे, आणि कोश विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्या पलीकडे जात नाहीत.

या सर्व ग्रंथांना एका बाबतीत फार कसरत करावी लागली, ती म्हणजे प्राचीनांच्या अश्लीलतेची. थोरल्या ग्रीक कोशात असभ्य क्रियापदांचे अर्थ इंग्रजीत न देता लॅटिनमध्ये देण्यात आले, या हिशेबाने की ज्याला लॅटिन येते त्याचे बिघडायचे ते आधीच बिघडलेले असते. १९११ मध्ये जेम्स लोब या बँकव्यावसायिकाने स्थापन केलेल्या लोब ग्रंथमालेत, जिच्यात डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर भाषांतर असते आणि ग्रीकसाठी हिरवे तर लॅटिनसाठी तांबडे वेष्टन असते, हा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण तेथे समोरचे पान कोरे सोडता येत नव्हते. ग्रीक काव्यसंग्रहातील नको त्या कविता तेव्हा लॅटिनमध्ये उतरवण्यात आल्या. मार्शल या रोमन कवीच्या बाबतीत मूळच लॅटिन असल्याने तीही वाट बंद होती, म्हणून १९१९-२० च्या आवृत्तीत त्याच्या बीभत्स कवितांसमोर इटालियन भाषांतर छापण्यात आले. इटालियन वाचकांच्या शीलाची जबाबदारी इंग्रजी प्रकाशकावर नव्हती. या योजनेचा व्यावहारिक परिणाम असा झाला की जो विद्यार्थी एरवी मार्शलची दीड हजार कवने चाळून थकला असता त्याला पानाची भाषा बदलली की नेमके कोठे थांबायचे ते तत्काळ कळू लागले, आणि संदर्भग्रंथांच्या इतिहासात इतकी अचूक विषयसूची कोणी हेतुपुरस्सरही तयार केलेली नाही. पुढच्या आवृत्त्यांत हे सर्व उघड इंग्रजीत आले. २०२१ चा केंब्रिज ग्रीक कोशही याबाबत स्पष्टवक्ता आहे. हा दोन खंडांचा कोश जेम्स डिगल यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघाला; मधल्या लिडेल-स्कॉटची डागडुजी करावी आणि ती पाचएक वर्षांत उरकावी, एवढ्याच हेतूने १९९७ मध्ये काम सुरू झाले होते. तो कोश डागडुजीच्या पलीकडे गेलेला आहे असे लवकरच लक्षात आले आणि मूळ ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

पाच वर्षांची चोवीस होणे हा या व्यवसायात फारसा विलंब समजला जात नाही. जर्मनीत आउगुस्ट पाउली यांनी १८३९ मध्ये प्राचीन विद्येचा एक ज्ञानकोश काढण्यास सुरुवात केली आणि तो पुरा होण्याआधीच १८४५ मध्ये ते वारले. त्याची नवी आवृत्ती गेओर्ग विसोवा यांनी १८९० मध्ये हाती घेतली, तेव्हा ती दहा वर्षांत पुरी होईल असा त्यांचा अंदाज होता. अखेरचा खंड १९७८ मध्ये बाहेर पडला आणि सूची १९८० मध्ये. तोपर्यंत खंडांची संख्या ऐंशीच्या वर गेली होती आणि विसोवा यांना जाऊन जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. मध्यंतरी काम रेंगाळते आहे हे पाहून १९१४ मध्ये 'आर' या अक्षरापासून दुसरी एक मालिका समांतर सुरू करण्यात आली, म्हणजे एक चमू वर्णमालेच्या आरंभाकडून आणि दुसरा मधून शेवटाकडे निघाला. या दुसऱ्या मालिकेच्या खंडांना रोमन आकड्यापुढे 'ए' हे अक्षर, त्यापुढे अर्ध्या खंडाचा आकडा आणि त्यापुढे पृष्ठाचा नव्हे तर स्तंभाचा आकडा, अशी संदर्भ देण्याची रीत आहे. शिवाय पहिल्या खंडांतील लेख शेवटचे खंड निघेपर्यंत जुने झाल्यामुळे पुरवण्यांचे पंधरा खंड निघाले, आणि कोणत्या लेखाची दुरुस्ती कोणत्या पुरवणीत आहे हे पाहण्यासाठी सूचीचा आधार घ्यावा लागतो. सामान्य वाचकाच्या सोयीसाठी याचा 'छोटा पाउली' नावाचा संक्षेप काढण्यात आला. तो पाच खंडांचा आहे. त्यानंतरचा 'नवा पाउली' १९९६ पासून निघू लागला.

तरीही पाउली संपला, आणि त्या दृष्टीने तो म्युनिकच्या लॅटिन महाकोशापेक्षा भाग्यवान म्हटला पाहिजे. इ.स. ६०० पर्यंतच्या लॅटिनमधील प्रत्येक शब्दाचा संपूर्ण इतिहास देण्याचा संकल्प करून हा उपक्रम १८९४ मध्ये सुरू झाला आणि पहिला भाग १९०० मध्ये निघाला. सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवर टिपलेली अवतरणे तेथे पेट्यांत लावून ठेवलेली आहेत; दुसऱ्या महायुद्धात ती एका मठात हलवून वाचवण्यात आली. २०१० मध्ये 'पी' हे अक्षर पूर्ण झाले, परंतु त्याआधीचे 'एन' हे अक्षर, नित्याच्या आणि म्हणून भयंकर लांबलचक शब्दांनी भरलेले असल्यामुळे, मागे ठेवण्यात आले होते, आणि आता 'एन' व 'आर' या दोन अक्षरांवर काम चालू आहे. इंग्रज कवी आणि लॅटिनचे अत्यंत तिखट पंडित ए. ई. हाउसमन यांनी या कोशाच्या कर्मचाऱ्यांना रोमन जमीनदारांच्या कोंडवाड्यातील साखळदंड घातलेल्या गुलामांची उपमा दिली होती, पण गुलामांना निदान हंगाम संपलेला दिसत असे. या कोशाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो संपूर्णपणे लॅटिनमध्ये लिहिला जातो. ज्याला त्यात लॅटिन शब्दाचा अर्थ पाहायचा आहे त्याला तो आधीच समजत असल्याची पूर्ण खात्री संपादकांना आहे.

संगणक आल्यावर हा सारा पसारा आवरेल अशी अपेक्षा होती, आणि एका अर्थाने ती खरी झाली. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे १९७२ पासून ग्रीक ग्रंथ यंत्रात भरण्याचे काम सुरू झाले, पुढे 'पर्सियस' या प्रकल्पाने कोणत्याही शब्दावर बोट ठेवताच त्याची शक्य ती सर्व व्याकरणिक रूपे दाखवण्याची सोय केली. त्यामुळे पूर्वी ज्याला शब्दाचे एकही रूप ओळखता येत नसे त्याला आता एकदम चार रूपे मिळतात आणि त्यांतून निवड करायची असते. निवड झाल्यावर यंत्र त्याला ज्या कोशाकडे पाठवते तो लिडेल-स्कॉटचा किंवा १८७९ चा लूइस-शॉर्टचाच असतो.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध पु. ल. देशपांडे यांच्या 'राजा ओयदिपौस'मुळे आणि विंदांच्या भाषांतरामुळे येतो तेवढाच आहे असे समजू नये. इ.स.च्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची 'पेरिप्लस' नावाची मार्गदर्शिका लिहिली, आणि प्राचीन ग्रीक वाङ्मयात ज्याला खरोखर मार्गदर्शिका म्हणता येईल असा हा विरळा ग्रंथ आहे, कारण कोठे जावे, काय न्यावे आणि काय आणावे एवढेच त्याला सांगायचे आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर, मग किनाऱ्याने सोपारा, कल्याण, चौल. पैठणहून गाड्यांवर लादून गोमेदासारखे मणी येतात, तगरहून कापड. त्याला व्याकरणाची फारशी पर्वा नाही आणि शैलीची मुळीच नाही. विल्फ्रेड शॉफ या फिलाडेल्फियाच्या व्यापारी संग्रहालयातील गृहस्थाने १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते तीसएक पानांत मावले, आणि त्यावरील टिपा दोनशेहून अधिक पानांच्या झाल्या. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी धोक्याची सूचना त्या व्यापाऱ्याने एका वाक्यात दिली आणि ओघात, थोरल्या सारागनोसच्या काळी हे बंदर खुले होते, संदनेसच्या हाती गेल्यापासून ते अडवले आहे, एवढे जोडले. हे सारागनोस आणि संदनेस म्हणजे सातवाहन व क्षत्रप यांच्या वंशावळीतील नेमके कोण, यावर अद्याप एकमत झालेले नाही, आणि त्यासंबंधीच्या लेखांची सूची स्वतंत्र पाहावी लागते.